मोटारीची लिफ्ट, मोटरसायकलीच्या कामी

लहान गॅरेजांत मोटरसायकलीची दुरुस्ती आजही बहुधा जमिनीवरच चालते. सकाळी उकिडवा बसलेला मिस्त्री सायंकाळी कंबर धरून उठतो. गोव्यात मोटरसायकलीवरून उतारू नेणारे ‘पायलट’ अशाच मिस्त्रीच्या भरवशावर संसार चालवितात; गाडी एक दिवस अडकली की त्या दिवसाची मिळकत बुडाली. तेव्हा मिस्त्रीची कंबर शाबूत राहणे ही त्याच्या एकट्याची गोष्ट नव्हे.

मोटारींसाठी घेतलेली, घडी होणारी फिरती लिफ्ट अशा गॅरेजात असेल, तर तिच्यावर मोटरसायकल का चढवू नये, असा विचार येणे साहजिक आहे. विचार गैर नाही. मात्र दोन वाहनांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

वजनाचा प्रश्न येथे नाहीच. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हे फ्रान्समधील पास्कलने सतराव्या शतकात सांगितले आणि त्याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा याने इंग्लंडात १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे ४० असेल, तर १० किलोचा जोर २०० किलो तोलून धरतो. दोन-अडीच टन उचलणाऱ्या लिफ्टला सुमारे १९० किलोची बुलेट म्हणजे किरकोळ ओझे.

भेद आहे तो तोलाचा. मोटार चार ठिकाणी ऐसपैस टेकते. मोटरसायकल एका रेषेतील दोन चाकांवर उभी असते. शिवाय लिफ्टच्या दोन चौकटींमध्ये मोकळी जागा असते आणि चाक यायचे ते नेमके तेथेच. म्हणून दोन्ही चौकटींवर लोखंडी चॅनलचे आडवे तुकडे टाकून त्यांवर जाड पत्र्याचा लांब तक्ता बसवावा. तो पकडीने आवळावा. लिफ्टच्या मूळ अंगाला भोके पाडू नयेत, वेल्डिंगही करू नये, कारण त्याने तिची ताकद घटण्याचा संभव असतो. गाडीचा भार चौकटींच्या मध्यावर येईल अशीच तक्त्याची मांडणी असावी. एका बाजूस भार अधिक झाला, तर स्वतंत्र चौकटी मागेपुढे चढतात आणि तक्ता कलतो.

पुढच्या टोकाला चाक अडकेल अशी भक्कम खाच हवी. गाडी चढविताना लिफ्ट पूर्ण खाली असावी. मग पुढे दोन आणि मागे दोन पट्टे चार कोपऱ्यांकडे तिरपे ताणावेत, पुढची स्प्रिंग किंचित दबेल इतके. बाजूच्या स्टँडवर विसंबून लिफ्ट कधीच वर नेऊ नये. चाकाच्या आसाचे घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यावेत. वर नेल्यावर पान्याला जोराचा हिसका दिला की सारेच हलते.

आणखी एक गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. मागचे चाक काढले की गाडीचा तोल पुढे सरकतो; इंजिन उतरविले तर तो पार बदलतो. म्हणून भाग काढण्यापूर्वीच चौकटीखाली स्वतंत्र टेकू द्यावा. लिफ्ट हव्या त्या उंचीवर आली की तिचा लोखंडी खटका अडकवावा, भार त्यावर सोडावा आणि मगच हात आत घालावा. तेलाची नळी फुटू शकते, गॅस्केट झिजू शकते. केवळ तेलाच्या भरवशावर कोणाही उमेदवार पोराला खाली बसवू नये.

गिऱ्हाइकाची गाडी चढविण्याआधी ५० किलोची वाळूची सहा पोती तक्त्यावर रचावीत. लिफ्ट वर नेऊन, खटका अडकवून, दूर उभे राहून ती लांब बांबूने हलवून पाहावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी एखादा कोपरा खचलेला दिसला, एखादी पकड सैल झाली, तर त्या दिवशीचे काम खालीच बसून करावे आणि तक्ता पुन्हा लोहाराकडे पाठवावा.