ट्रक चालवणारी ती
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



‘मन के मंजीरे’ हे गाणं तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. २००० साली ‘ब्रेकथ्रू’ या मानवी हक्कांचं काम करणाऱ्या संस्थेनं ते काढलं. आवाज शुभा मुद्गल यांचा, शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शांतनु मोइत्रा यांचं. अहमदाबादच्या एका बाईच्या खऱ्या आयुष्यावरून त्याची चित्रफीत सुचली. तिनं मारझोड करणारा नवरा सोडला आणि गाडी चालवून पोट भरलं. पडद्यावर ती बाई झाली आहे मीता वशिष्ठ.

मला बोलायचंय ते गाण्याच्या शब्दांबद्दल नाही, चित्रांबद्दल. आपल्या पोस्टरांवर वर्षानुवर्षं काय होतं ते आठवा. ज्वाळा, स्टोव्ह, फाटलेला पदर, खाली घातलेली मान. त्याची गरज होती, हे मी नाकारत नाही. पण मार खाणारी बाई ते पोस्टर बघून मान फिरवायची. स्वतःचीच जखम भिंतीवर कोणाला बघायची असते? ‘मुलगी झाली हो’ नाटकाला १९८३ पासून बाया गर्दी करायच्या, त्यात त्यातल्या गाण्यांचा आणि हशाचा वाटा मोठा होता.

या चित्रफितीत मनात राहतो तो रस्ता. उघडा मुलूख, स्टिअरिंगवरचे तिचे हात, मागे हौद्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया. जात्यावरच्या ओवीतला रस्ता माहेराकडे जातो, आणि न्यायला भाऊ मुराळी येतो. इथं मुराळी नाही. गाडीच तिच्या ताब्यात आहे. शिवाय ती वीस वर्षांची नाजूक मुलगी नाही. चेहऱ्यावर दिवस काढल्याची खूण आहे. आणि शुभाताईंचा तो भरदार, खुला आवाज! त्यात लाडीगोडी औषधालाही नाही. त्याच वाहिन्यांवर पुढे २००२ मध्ये ‘काँटा लगा’ची रीमिक्स आली, तेव्हा कॅमेरा बाईच्या अंगावरून कसा फिरत होता ते आठवलं, की हा फरक कळतो. इथं आपण तिच्याकडे टक लावून बघत बसत नाही, तिच्याबरोबर पुढचा रस्ता बघतो.

वस्तीतल्या बैठकीत ही फीत दाखवली तेव्हा एकीनं विचारलं, “रात्री ट्रक कुठं उभा करते ती?” बाकीच्या हसल्या. मला मात्र हा सगळ्यात नेमका प्रश्न वाटला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडीचा शिकाऊ परवाना हवा असेल, तर हलक्या गाडीचा परवाना आधी किमान एक वर्ष हातात असावा लागतो. गाण्यात ते वर्ष नाही. ते वर्ष ती कोणाच्या घरी राहिली, कोणाकडे जेवली, शिकायचे पैसे कोणी भरले? आपलं सल्ला केंद्र चालतं ते त्याच वर्षात. चार-पाच मिनिटांच्या गाण्याकडून मी ते सगळं मागत नाही. पण फीत संपल्यावर ते आपण बोललं पाहिजे. नाहीतर घरी गेलेल्या बाईला वाटेल, “ती धीट होती, मीच भित्री.”

आणखी एक. २००० साली ४९८-अ होतं, नवऱ्याला शिक्षा करायला. राहत्या घरावर मात्र तिला असा सरळ हक्क नव्हता, म्हणून घर सोडणारी बाई हेच धीटपणाचं चित्र झालं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. आता कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतं. ती घरात राहिली आणि तो पिशवी घेऊन जिना उतरला, असं गाणं अजून माझ्या बघण्यात नाही. चाल कोणाला सुचली तर मला जरूर कळवा!

आता फीत लावू. आधी आवाज बंद ठेवून बघू या, आणि हौद्यातल्या बायांकडे नीट लक्ष द्या. त्या कोण असतील, कुठून आल्या असतील, ते प्रत्येकीनं कागदावर लिहायचं आहे.