अंगाला न लागणारं बाळ
(व्याख्यानमालेत वैजापूर येथे दिलेले व्याख्यान)

आपल्या तालुक्यातलं भादली हे गाव 2001-02 च्या सुमारास कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर वर्तमानपत्रांत आलं. त्या धक्क्यानंतर तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात मोहीम हाती घेतली. तिच्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत उंची खुंटलेल्यांचं प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, ते 2012 च्या पाहणीत 23 टक्क्यांच्या आसपास आलं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचा हाच आकडा 35 टक्के निघाला. वयोगट वेगळा असल्याने दोन्हींची थेट तुलना करू नये, पण काम संपलेलं नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

मी परिचारिका. माझं काम काट्यापासून सुरू होतं. काटा शून्यावर आहे ना, बाळाचे कपडे उतरवलेत ना, हे आधी बघायचं. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची आणि त्याला दोन माणसं लागतात. एकटीने मोजलेली लांबी मी धरत नाही. मग वजन तक्त्यावर मांडायचं. एका ठिपक्यावरून निदान होत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ लहानखुरं असूनही छान वाढत असतं, आणि गुटगुटीत बाळाची रेघ तीन महिने आडवी पडलेली असते. मला काळजी दुसऱ्याची वाटते.

काटा कधी फसवतोही. दोन्ही पायांवर अंगठा दाबून धरला आणि खळगा राहिला, तर ती सूज आहे. सुजेचं पाणी वजनात मोजलं जातं, म्हणून आकडा बरा दिसतो. प्रत्यक्षात ते मूल तीव्र कुपोषित असतं. सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तरी तसंच समजायचं.

यापुढचं काम डोळ्यांचं आणि कानांचं आहे. आईला म्हणायचं, बाई, पाज बरं बाळाला माझ्यासमोर. बाळ नीट धरतंय का, गिळल्याचा आवाज येतो का? चार घोट घेऊन दमतं, कपाळावर घाम येतो, ओठ निळसर होतात, असं दिसलं तर हृदयाची शंका घेऊन लगेच डॉक्टरांकडे. दूध नाकातून येत असेल तर टाळू बघायची. दिवसभरात लघवी किती वेळा होते, जुलाब वारंवार होतात का, घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त चाललाय का, हे सगळं विचारायचं.

मूल मोठं असेल तर 'काय खातं?' असं विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं: 'सगळं खातं.' काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय काय पोटात गेलं, ते क्रमाने काढून घ्यावं. मग चहा-बिस्कीट निघतं, वरणाचं पाणी निघतं. या पाण्याचा मला राग आहे! इवलंसं पोट त्यानेच भरतं आणि खालची डाळ दुसऱ्याच्या ताटात जाते. घट्ट वरण, कुस्करलेला भात, वर चमचाभर तेल किंवा तूप, आणि त्याची वेगळी वाटी. वेगळ्या वाटीमुळे निदान किती खाल्लं ते तरी दिसतं.

आणि आई? ती स्वतः जेवली का, तिचं रक्त कमी आहे का, पुन्हा दिवस गेलेत का? सासूबाई शेजारी बसल्या असल्या की ती बोलत नाही. तिला एकटीला वेळ द्यावा लागतो. 'तुझं लक्ष नाही' असं एकदा ऐकलेली बाई पुढच्या महिन्यात वजनाला येत नाही. अंगणवाडीताईंचंही तेच. खरा आकडा लिहिल्याबद्दल बोलणी बसली की पुढे आकडेच सुधारतात, मुलं नाही.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दल. दिवाळीनंतर गेलेल्या मुलांच्या तक्त्यात पाडव्यापर्यंत रकाने कोरे राहतात. माझी विनंती एवढीच की माता-बाल संरक्षण कार्ड कोयत्याबरोबर गाडीत टाका आणि कारखान्याजवळच्या अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. आपलं गाव तिथलं नाही म्हणून कुणी परत पाठवलं, तरी हटू नका.