भयाची गोष्ट आणि घरातील मूल



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा कामगार कायद्यावर चार शब्द ऐकावयास मिळतील अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढील सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु त्या कचेरीत किमान वेतनाचे आणि भविष्यनिर्वाह निधीचेच प्रश्न येतात असे नाही. मध्यंतरी एक विडी कामगार भगिनी आपले काम आटोपून उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "दादा, तो 'तुंबाड' पिक्चर घरात लावू का? पोरं लई मागं लागलीत. राक्षसाची गोष्ट आहे म्हणतात."

आम्ही तिला चटकन उत्तर दिले नाही. कारण या बाबतीत आम्ही स्वतः एकदा चुकलो होतो. आजचे व्याख्यान म्हणजे तिला द्यावयाच्या उत्तराचाच विस्तार आहे असे समजावे.

प्रथम चित्रपटाविषयी. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला. तुंबाड हे आपल्या कोकणातील गाव. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ च्या कादंबरीमुळे ते नाव मराठी वाचकांस परिचित आहे. चित्रपटाने त्या कादंबरीची कथा मात्र घेतलेली नाही. त्याची कथा एखाद्या परीकथेसारखी आहे. साऱ्या देवांना जन्म देणारी एक देवी. तिच्यापाशी सोनेही अपार आणि धान्यही अपार. तिचा थोरला मुलगा हस्तर याला दोन्ही हवे झाले. सोने त्याने घेतले. धान्याला हात घालणार तोच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले, पण तेव्हापासून तो देवीच्या उदरात सोन्यासह आणि भुकेसह पडून आहे. विनायक नावाचा माणूस तेथे उतरतो, कणकेच्या बाहुलीने त्याला भुलवतो आणि त्याच्या लंगोटातील मोहरा पळवतो. हे सारे १९१८ ते १९४७ या काळात घडते.

कष्ट करणाऱ्या माणसाला ही कल्पना चटकन भिडते. सोने खाता येत नाही, हे तत्त्वज्ञान त्यात एका उपाशी राक्षसाच्या रूपाने मांडले आहे. घामावाचून मिळालेला पैसा माणसाला हळूहळू कसा खातो, हे आम्ही तीस वर्षे सभांतून सांगत आलो. इतके ठसठशीत आम्हांला कधी सांगता आले नाही. चित्रपट उत्तम आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो घरातल्या सर्वांनी मिळून तो पाहावा की काय, एवढाच.

आपण म्हणाल, मुलांना भीती दाखवूच नये. हे मत आम्हांला मान्य नाही. मुलांच्या गोष्टी पूर्वीपासून काळोख्याच आहेत. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीला वाटेत वाघ भेटतो आणि तो तिला खावयास निघालेला असतो. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये लोककथांचा पहिला खंड काढला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. पुढे १९३७ मध्ये डिस्ने यांनी त्याच कथेचा चित्रपट काढला. त्यास इंग्लंडच्या परीक्षण मंडळाने असे प्रमाणपत्र दिले, की लहान मुलाने तो पाहावयाचा तर वडीलधारे माणूस बरोबर हवे. गोष्ट बंद करा असे मंडळाने म्हटले नाही. मुलाला एकटे सोडू नका, एवढेच म्हटले. यात शहाणपण आहे.

आता आमच्या चुकीविषयी. ती सांगणे सुखाचे नाही. पण सभेत दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्याने आपली लपवू नये.

आमची आई विडी कामगार. पन्नासाहून अधिक वर्षे तिने मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. आम्ही भावंडे तिच्याभोवती बसून पाने कापून देत असू आणि ती गोष्टी सांगत असे. भुताच्या असत, राक्षसाच्या असत. हात तंबाखूत, नजर मात्र आमच्या तोंडाकडे. धाकट्याचा ओठ थरथरला की राक्षसाला वाटेत ठेच लागे, किंवा त्याला झोप येई. थोरल्याने जांभई दिली की राक्षस दोन पावले पुढे सरके. आज ती ऐंशीच्या पुढे आहे आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आहे.

२०२४ मध्ये या चित्रपटाची पुन्हा चर्चा सुरू झाली, तेव्हा एका रविवारी आम्ही तो घरी लावला. शेजारी नऊ वर्षांचा नातू. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आधी बघितलाय का?" आम्ही म्हणालो, "लोभाचे फळ वाईट, एवढेच आहे त्यात. आजीच्या गोष्टीसारखा आहे." पाहिलेला नव्हताच. ऐकीव माहितीवर आम्ही तात्पर्य सांगून मोकळे झालो.

त्या चित्रपटात आरंभीच एक शापित म्हातारी आहे. तिला साखळदंडाने बांधून ठेवलेले असते. तिला जेवू घालावयाचे आणि ती जागी झाली तर हस्तरच्या नावाचा धाक दाखवून पुन्हा निजवावयाचे. एका रात्री ते काम लहान विनायकावर येते. आमचा नातू ते पाहून ओरडला नाही, रडला नाही. आम्हांला वाटले, पोरगा धीट आहे.

चौथ्या दिवशी सूनबाईंनी त्याच्या हाती पेजेची वाटी दिली आणि पणजीला नेऊन दे म्हणून सांगितले. रोजचेच काम. तो उंबऱ्यापाशी थांबला आणि वाटी खाली ठेवून परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने त्याने आईला विचारले, "पणजी रात्री जागी असते का?" इकडे आमची आई आम्हांला विचारू लागली, "पोरगं का येत नाही माझ्याकडं?" मालकांसमोर आमची जीभ कधी अडखळली नाही. आईच्या त्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मंडळी, येथे आमच्या ध्यानात आले की आमची पारख मुळातच चुकली होती. आम्ही तात्पर्य पाहिले. तात्पर्य मोठ्यांना दिसते. मुलाला चित्र दिसते. आणि ते चित्र ते मूल आपल्याच घरातल्या माणसांवर बसवते. आम्हांला पडद्यावर लोभ दिसला, नातवाला पणजी दिसली. दुसऱ्या घरात कदाचित तसे झाले नसते. म्हणून 'हा चित्रपट मुलांना चालेल का' या प्रश्नाला सर्व घरांसाठी एकच उत्तर नसते. घरात कोण आजारी आहे, कोण नुकते गेले, कोणाला कशाची धास्ती आहे, हे ठाऊक असलेला माणूसच त्याचे उत्तर देऊ शकतो.

सरकारने आपले काम केलेले आहे. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली 'तुंबाड'ला 'ए' प्रमाणपत्र मिळाले; म्हणजे अठरा वर्षांखालील कोणास चित्रपटगृहात प्रवेश नाही. १९८३ पासून 'यूए' हा मधला वर्ग आला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले. घरी इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांसाठी २०२१ चे नियम आहेत. त्यांत वयाची खूण आणि पालकांसाठी कुलूप यांची तरतूद आहे. पण त्या कुलपाची किल्ली कोणापाशी? आमच्यापाशी होती, आणि दार आम्हीच उघडले! चित्रपटगृहाच्या दारावरचा माणूस आमच्या नातवाला अडवता. घरात त्या माणसाची जागा आमची होती आणि आम्ही ती सोडली.

आणखी एक गोष्ट पुढे दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना ध्यानात आली. त्यात विनायकच आपल्या मुलाला, पांडुरंगाला, हस्तरची कथा सांगतो. आणि कथा सांगून थांबत नाही, तर वय न पाहता त्याला त्या विहिरीत उतरवतो. बापाला वाटते, आपण मुलाला शहाणे करत आहोत. लोभ नसला तरी घाई आमचीही तीच होती. शेवटी बाप मोहरांनी भरलेला लंगोट पुढे करतो, तेव्हा पोरगा तो घेत नाही. तो शहाणा निघतो, पण बाप गमावून. मुलाला इतकी किंमत भरावयास लावू नये.

नातवाचे काय झाले, हे आपण विचाराल. त्याला परत यावयास महिन्याहून अधिक काळ लागला. आम्ही त्याला जवळ घेऊन सांगितले की चूक आमची आहे, तुझी नाही. मग रोज थोडा वेळ त्याच्यासह आईच्या खोलीत बसू लागलो. आधी दाराशी, मग पायथ्याशी. एक दिवस आईनेच भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट काढली. वाघ आला तशी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्या दिवशी वाघ थोडा लांबच थांबला.

यंत्राला हे जमत नाही. पडद्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. तो पाहावयाचे काम आपले आहे.

त्या भगिनीला आम्ही पुढे उत्तर दिले, तेच आपणांस सांगून थांबतो. "बाई, आधी तू एकटी बघ. पोरं निजल्यावर बघ. हा पिक्चर पोरांचा नाही, मोठ्यांचा आहे. ती मोठी झाल्यावर आपण होऊन बघतील. तोवर राक्षसाची गोष्ट हवी असेल, तर तुझ्या तोंडची सांग." ती हसून म्हणाली, "मला कुठं येतात गोष्टी?" आम्ही म्हणालो, "सूप मांडीवर घे. येतील."