केशारोपण : आधी हिशेब, मग शस्त्र
पुरुषांचे टक्कल बहुधा कपाळ व माथा व्यापते. डोक्याच्या मागील व बाजूंचे केस मात्र टिकतात. ते मुळांसह काढून पुढे लावले तरी आपला टिकाऊपणा सोडीत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. केशारोपणाचा पाया हाच.

परंतु या शस्त्रक्रियेने नवा केस निर्माण होत नाही; असलेल्यांचीच जागा बदलते. मागचा साठा खर्चला की भरून येत नाही आणि टक्कल तर वयाबरोबर पसरतच जाते. पंचविशीतल्या हट्टाखातर केसांची रेषा फार खाली आणली, तर पन्नाशीत पुढे केसांचे बेट आणि मागे उघडे मैदान उरते. म्हणून जाणता शस्त्रवैद्य वय, घराण्यातील टक्कल व शिल्लक साठा पाहूनच रेषा आखतो. प्रसंगी तरुणाला थांबावयासही सांगतो.