नोंद मागणीची, दुखण्याची नव्हे

(सेनगाव, जि. हिंगोली येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकावयास रुक्ष वाटेल. कचेरीच्या नोंदवहीत काय लिहावे आणि काय लिहू नये, हा काय सभेत बोलण्याचा विषय झाला, असे आपल्यापैकी कोणी विचारील. परंतु ज्या समाजाचे भवितव्य पिढ्यान् पिढ्या इतरांनी लिहिलेल्या कागदांनी ठरविले, त्या समाजाने नोंदवहीकडे दुर्लक्ष करून चालावयाचे नाही. दप्तर कोणाच्या हातात आहे, त्यात आपल्याविषयी काय लिहिले आहे आणि ते कोण वाचतो, ह्या तीन गोष्टींवर माणसाची भाकर अवलंबून असते.

आपली मुले शिकली. कोणी शाळेत शिक्षक झाला, कोणी कचेरीत कारकून, कोणी एस.टी.त वाहक, कोणी आरोग्य केंद्रात परिचारिका. ज्या घरात पहिला पगार ह्याच पिढीत आला, त्या घरात नोकरी एकट्या माणसाची नसते. म्हाताऱ्या आईचे औषध आणि धाकट्या भावाचे शिक्षण तिच्याच आधाराने चालते. म्हणून नोकरीतल्या माणसाला कमी ऐकू येऊ लागले, दृष्टी मंदावली, पाय अधू झाला किंवा मनाचे दुखणे जडले, की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो लपविण्याचा. वरिष्ठाला कळले तर काय होईल? सोबती काय म्हणतील? गावात बोभाटा होईल काय? ह्या भीतीने तो सोय मागत नाही. सोय नाही म्हणून काम बिघडते, आणि काम बिघडले की ‘हा माणूस नालायक आहे’ असा शेरा बसतो. दुखण्याने जाते त्याहून अधिक नोकरी ह्या मुकेपणाने जाते.

उपकार नव्हे, हक्क

सोय मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, हे प्रथम पक्के ध्यानात घ्या. भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने आजारपण व विकलांगता ह्या प्रसंगी नागरिकाला साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संसदेने केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात ‘वाजवी सोय’ ह्या कल्पनेला कायद्याचे रूप मिळाले. तिचा अर्थ सोपा आहे. मालकावर अवाजवी बोजा न पडता, त्या विशिष्ट माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून कामाच्या रीतीत वा जागेत केलेला आवश्यक बदल, म्हणजे वाजवी सोय. ज्याला कमी ऐकू येते त्याला सूचना लेखी देणे. जिला जिना चढवत नाही त्या शिक्षिकेचा वर्ग तळमजल्यावर ठेवणे. ज्याची दृष्टी मंद आहे त्याला मोठ्या अक्षरांत कागद देणे. ह्यात राजाचा खजिना रिता होत नाही.

ह्या कायद्याच्या २० व्या कलमाने अशी सोय देणे प्रत्येक शासकीय आस्थापनेवर बंधनकारक केले आहे. केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारता येत नाही. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे लागते. सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारण्यास नियमांनी मनाई केली आहे. खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे २१ व्या कलमाने भाग पाडले आहे. शिवाय ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, लिहिताना बोटे आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या मापात बसत नाही, तोही वाजवी सोयीचा हक्कदार ठरू शकतो.

न दिसणारे दुखणे

दिव्यांग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुबडी येते. परंतु ह्या कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत आणि त्यांतले कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. मानसिक आजार त्यात आहे. बरा झालेला कुष्ठरोगी त्यात आहे. थॅलसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्यात आहेत.

सिकलसेलविषयी थोडे स्पष्ट बोलतो, कारण विदर्भात आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार आढळतो. आई व बाप दोघांकडून दोष आला तर मूल आजारी होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक असते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. आजारी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात. अंगातील पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा अतिश्रम झाले की हे दुखणे उसळते. अशा माणसाला कामाच्या ठिकाणी काय हवे असते? जवळ पिण्याचे पाणी, मधूनमधून विश्रांती, कडाक्याच्या थंडीतील रात्रपाळीतून सूट, आणि वेदना उठली तर रजा. मागणी एवढीच. परंतु ती करावयाची तर ‘माझ्या रक्तात दोष आहे’ असे चारचौघांत सांगावे लागेल, आणि मग धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, ह्या धास्तीने तो तरुण तोंड मिटून वेदना सोसतो. रजा टाकताना ‘ताप’ लिहितो आणि एक दिवस कामचुकार ठरतो.

दोन अन्याय

येथे दोन प्रकारचे अन्याय संभवतात. पहिला म्हणजे दुखणे चव्हाट्यावर मांडणे. अर्ज उघड्या टपालात पडतो, शिपायापासून साहेबापर्यंत सर्वजण तो वाचतात आणि प्रमाणपत्राचे छायाचित्र कचेरीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरते. एके काळी आपल्याला घोटभर पाण्यापूर्वी आपली जात सांगावी लागे. आता खुर्चीपूर्वी आपला रोग सांगावा लागत असेल, तर अपमानाची रीत तीच राहिली, केवळ निमित्त बदलले.

दुसरा अन्याय अधिक धूर्त आहे. तो गुप्ततेच्या नावाने केला जातो. ‘ही खाजगी बाब आहे, कागदावर कशाला आणता, तोंडी सांगा, बघू’ असे वरिष्ठ गोड शब्दांत सांगतो. तोंडी मागणीला तारीख नसते, आवक क्रमांक नसतो आणि नकाराला कारण नसते. वर्षअखेर विचारले तर उत्तर तयार असते की, आमच्याकडे कोणी सोय मागितलीच नाही. जेथे नोंद नाही तेथे मागणी नाही, आणि जेथे मागणी नाही तेथे अन्यायही नाही, असा हा हिशेब आहे.

म्हणून आपली भूमिका स्वच्छ असली पाहिजे. मागणीची नोंद झालीच पाहिजे. दुखण्याचा बोभाटा होता कामा नये. ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

त्या परस्परविरोधी नाहीत ह्याचा दाखला मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला आहे. एका सार्वजनिक महामंडळात रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराच्या रक्तात एचआयव्ही आढळला, म्हणून त्याचे काम बंद करण्यात आले. तो न्यायालयात गेला, परंतु स्वतःचे नाव उघड न करता. दप्तरात तो ‘एमएक्स’ आहे आणि महामंडळ ‘झेडवाय’. न्यायालयाने निर्णय दिला की, जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ ह्या कारणाने काम नाकारता येणार नाही. विचार करा! एका मजुराची तक्रार नोंदली गेली, तपासली गेली, निकाल लागला, तो छापला गेला, देशभर त्याचा आधार घेतला गेला. आणि त्या मजुराचे नाव मात्र झाकलेलेच राहिले. उच्च न्यायालयाला जे साधते ते तालुक्याच्या कचेरीला का साधू नये? पुढे २०१७ साली संसदेने एचआयव्ही-बाधितांसाठी जो कायदा केला, त्यात अशी माहिती ठेवणाऱ्या आस्थापनांवर ती सुरक्षित राखण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे.

नोंद कशी ठेवावी

दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवण्यास २२ वे कलम प्रत्येक आस्थापनेला सांगते. नियमांप्रमाणे त्या नोंदीत नाव, दिव्यांगत्वाचा प्रकार, कामाचे स्वरूप आणि दिलेल्या सोयी येतात. ही नोंद तपासण्याचा अधिकार शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो ती वही कोणत्या कपाटात राहते आणि किल्ली कोणाकडे असते, हा.

माझे सांगणे असे की, दोन दप्तरे वेगळी ठेवावीत. पहिली मागणी नोंदवही. तीत अनुक्रमांक, अर्ज मिळाल्याची तारीख, कोणती सोय मागितली, निर्णय कोणी व केव्हा दिला, नाकारली असल्यास कारण, सोय प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख, आणि ती पुरेशी आहे काय हे पुन्हा पाहण्याची तारीख, एवढेच रकाने असावेत. नावाच्या जागी क्रमांक असावा. दुसरी गोपनीय धारिका. वैद्यकीय प्रमाणपत्र, आजाराचे नाव, आणि कोणता क्रमांक कोणाचा ह्याची यादी तीत राहील. ती नेमलेल्या एकाच अधिकाऱ्याच्या कुलपात असावी. ती कोणी, केव्हा व कशासाठी उघडली ह्याची नोंद त्याच धारिकेच्या पहिल्या पानावर असावी. संगणकावर नोंद असेल तर परवलीच्या शब्दालाही हाच न्याय लावावा. ज्या वरिष्ठाच्या हाताखाली माणूस काम करतो, त्याला केवळ आदेश मिळावा: अमुक कर्मचाऱ्यास दर दोन तासांनी दहा मिनिटे विश्रांती द्यावी. कशासाठी, हे त्याने जाणण्याची गरज नाही. विश्रांती दिली की त्याचे काम संपले.

सेनगावसारख्या ठिकाणी आणखी एक सावधगिरी हवी. मुंबईच्या कचेरीत हजार माणसे असतात. तेथे ‘मानसिक आजार, एक’ असे लिहिले तर ती व्यक्ती कोण हे कळत नाही. येथे कचेरीत बारा माणसे, त्यांत स्त्रिया दोन. ‘मानसिक आजार, स्त्री, एक’ असे अहवालात छापले की नाव लिहिण्याची आवश्यकताच उरत नाही; बाजाराच्या दिवशी ते घरोघर पोचते. नाव वगळले म्हणजे ओळख झाकली, असे लहान गावात होत नाही. म्हणून तालुक्याच्या पातळीवर आजारवार आकडे प्रसिद्ध करू नयेत. हिंगोली जिल्ह्यातील पाचही तालुक्यांचे आकडे एकत्र करून, मागण्या किती आल्या, किती मान्य झाल्या, किती दिवसांत सोय मिळाली, एवढेच जाहीर करावे. प्रशासनाचा कारभार तपासण्यास तेवढे पुरे आहे.

आपण काय करावे

जो सोय मागणार आहे त्याने अर्ज लेखीच करावा. अर्जात आपणास काय हवे ते ठळक लिहावे, आजाराचा इतिहास लिहीत बसू नये. ‘प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात स्वतंत्र जोडले आहे, ते गोपनीय समजावे’ असे एक वाक्य घालावे. लिफाफ्यावर ‘गोपनीय’ लिहून तो नेमलेल्या अधिकाऱ्याच्याच हाती द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी. जेथे वीस वा अधिक माणसे काम करतात, तेथे दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तो कोण हे विचारावे. शासकीय आस्थापनेत सोय नाकारली किंवा माहिती फोडली, तर २३ व्या कलमाप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. तक्रारीची नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करावयाची असते. त्याने समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीचा मार्ग आहे, आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यास आहेत.

आपल्यापैकी जे अधिकारी झाले आहेत त्यांना माझे वेगळे सांगणे आहे. दप्तराची किल्ली आज तुमच्या हातात आहे. पूर्वी ती ज्यांच्या हातात होती त्यांनी आपल्याशी कसे वर्तन केले, हे तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. तुमच्या टेबलावर येणारा लिफाफा कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या माणसाचा असो, तो तुमच्या हातून उघड्यावर पडता कामा नये.

आणि घरातील माणसांनो, कचेरीला शिस्त लावण्यापूर्वी आपल्या जिभेला लावा. अमक्याच्या सुनेला झटके येतात, तमक्याच्या मुलाच्या रक्तात दोष आहे, ही चर्चा कचेरीत सुरू होत नाही. ती ओट्यावर आणि लग्नाच्या मांडवात सुरू होते. भगवान बुद्धांनी सम्यक वाचा सांगितली, तिच्यात चहाडी वर्ज्य आहे. लग्नापूर्वी मुलामुलींनी रक्ततपासणी अवश्य करावी. तिचे उत्तर त्या दोघांचे आहे, गावाचे नाही.

कमी ऐकू येणारा कारकून, वेदना सोसणारा तरुण, अधू पायांची शिक्षिका ही आपल्या घरातील माणसे आहेत. त्यांनी दुखणे लपवून नोकरी गमावू नये आणि नोकरीसाठी अब्रू गमावू नये. उद्या कामावर गेल्यावर एवढेच विचारा: येथे सोयीच्या मागणीची नोंदवही आहे काय, आणि गोपनीय कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा.

जय भीम!