ॲल्युमिनियमचा नवा टोप

रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणजे १९८१ पर्यंत ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत त्या भागांत, नवा टोप घरीं आला कीं गृहिणी तो राखेनें व काथ्यानें घासून लखलखीत करते. पितळेच्या भांड्यास हा रिवाज शोभतो. ॲल्युमिनियमच्या बाबतींत मात्र तो उलटा पडतो.

पितळेच्या पातेल्यास आंतून कथलाची कल्हई लागते. कल्हईवाला भांडें तापवून, नवसागर फिरवून ती चढवितो. ॲल्युमिनियम आपली कल्हई आपणच करतें! हवा लागतांच प्राणवायूच्या संयोगानें त्यावर डोळ्यांस न दिसणारा पातळ थर धरतो, आणि पाणी उकळल्यानें तो जाड होतो. म्हणून नव्या टोपाचें कारखान्यांतील तेलकटपण साबणानें धुवून काढावें, जवळजवळ कांठापर्यंत पाणी भरावें व अर्धा तास उकळूं द्यावें. खाडीकांठच्या विहिरीचें मचूळ पाणी नको, गोडें घ्यावें. आंतील बाजू करडी, क्वचित् काळसर होईल. तो डाग नव्हे, टोपाचें चिलखत होय.

पाश्चात्य देशांत घरीं बिअर करणारे लोक नवें भांडें असेंच तयार करतात. (महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून हा उद्योग करतां येत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.) त्यांचा जवाचा काढा सौम्य आंबट असतो व तासभरच उकळतो, त्यामुळें थर टिकतो. तो आंबविण्यास मात्र ते बहुधा निराळें भांडें घेतात.

कोंकणच्या स्वयंपाकघराची अडचण नेमकी येथेंच आहे. आमसूल त्या काढ्याहून कितीतरी आंबट. आमसूल घातलेलें माशाचें कालवण रात्रभर टोपांत राहिलें, तर आम्ल थर खातें, मीठ धातूस बारीक खड्डे पाडतें, आणि ॲल्युमिनियमचा अंश अन्नांत उतरतो. निरोगी मूत्रपिंडें त्यांतील बहुतेक भाग बाहेर टाकतात. ज्याचीं मूत्रपिंडें दुबळीं, त्याच्या शरीरांत मात्र तो सांचत जातो. असा रुग्ण घरांत असेल, तर आमसुलाचें सार मातीच्या किंवा स्टेनलेस पोलादाच्या भांड्यांतच करावें.

भात, डाळ, दूध यांस हा टोप उत्तम. धुण्याचा सोडा त्यास लावूं नये. मऊ फडकें आणि साबण पुरे. कोणीं हौसेनें चिंच लावून तो चकचकीत केलाच, तर पुन्हा अर्धा तास पाणी उकळावें.