रिचमंड पार्कमधली हरणं आणि माझा मोबाइल

कानात इअरफोन घालून चालता चालता ऐकत असाल, तर आधीच सांगतो: आज ज्या भटकंतीबद्दल बोलणार आहे, तिथे इअरफोन काढून ठेवावे लागतात. पॉडकास्टवाल्यानंच हे सांगायचं म्हणजे कमाल आहे, पण असो.

मी लंडनमध्ये कोड लिहितो. गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा रिचमंड पार्कला गेलो. पार्क म्हटलं म्हणून पुण्यातली संभाजी बाग डोळ्यांसमोर आणू नका. हे जवळपास अडीच हजार एकरांचं रान आहे. १६३७ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने शिकारीसाठी त्याला भिंत घातली. आज तिथे सहाशेच्या वर हरणं मोकळी फिरतात. काही तांबडी, सांबराच्या अंगाची. काही फॅलो, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पाठीवर चितळासारखे ठिपके. आणि गवतात लांब लांब उभे म्हातारे ओक, त्यातले काही तर भिंतीच्याही आधीचे. त्यांच्या फांद्या खालून एका रेषेत कापल्यासारख्या दिसतात. माळी नाही, हरणांची मान पोचते तिथपर्यंतचा पाला हरणंच खातात.

ऑक्टोबर म्हणजे नरांच्या माजाचा काळ. हे मला माहीत नव्हतं. एक मोठा शिंगाडा नर डरकाळ्या फोडत होता आणि मला रील हवं होतं. पंधरा पावलांवर गेलो. त्यानं ओरडणं थांबवलं, मान खाली घातली आणि सरळ माझ्याकडे चालू लागला. मी पळत एका ओकच्या मागे. फोन गवतात. तो दोन मिनिटं तिथेच उभा राहिला, मग माद्यांकडे वळला. एक आजीबाई लांबून बघत होत्या. जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "पन्नास मीटर." पार्कचा नियमच आहे तो, पाटीवर लिहिलेला. मी पाटीचाही फोटो काढला होता, वाचली नव्हती.

रीलमध्ये काय आलं? माझे बूट आणि माझी धाप.

पुढच्या रविवारी परत गेलो. फोन बंद, बॅगेत. वारा तोंडावर येईल अशा बाजूला बसलो, कारण हरणाला आपला वास आधी कळतो. पाठीशी एक पडलेला ओक. असे ओंडके तिथे मुद्दाम उचलत नाहीत. कुजक्या लाकडात स्टॅग बीटल नावाच्या शिंगाड्या भुंग्याच्या अळ्या काही वर्षं वाढतात.

पहिली दहा मिनिटं डोक्यात शुक्रवारचा बग. काहीच दिसेना. मग टें टें करत पोपट आले. हो, आपलेच, गळ्यात कंठ असलेले! लंडनमध्ये त्यांचे थवे आहेत, ओकच्या ढोलीत घरटी करतात. मी एकटाच हसलो. नंतर एक हिरवा सुतारपक्षी झाड सोडून जमिनीवर उतरला आणि मुंग्यांच्या गवताळ उंचवट्यात चोच खुपसत बसला.

अर्ध्या तासानं तांबड्या माद्यांचा कळप आला, मागे एक पिल्लू. साठेक मीटरवरून गेले. पिल्लू मधेच थांबून माझ्याकडे बघत राहिलं, कान हलवले, आणि परत ओकची फळं हुंगायला लागलं.

याचा फोटो नाहीये माझ्याकडे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "थंडी होती ना, स्वेटर घातलेलास का?"